आगळाच्या बाटलीतली वाइन

वणीहून परत येताना नाशिकजवळ प्यायलेली वाइन मला इतकी का आवडली असेल, असं मी नितेशला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टेस्टिंगचं तिकीट काढलं होतं ना. आवडायलाच पाहिजे."

नवऱ्याची उत्तरं अशीच असतात. मला मात्र खरोखरच प्रश्न पडला होता. आमची मीरा जन्मायच्या आधी मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते बघायचं काम. तीच गोळी, तेच पाणी आणि आज उत्तर वेगळं आलं, तर काहीतरी बदललेलं असतं, आणि ते सापडेपर्यंत डोक्यातून जात नाही. मीरा झाल्यावर लॅब सुटली. सवय काही सुटली नाही.

वणीला आम्ही मीराचं जावळ काढायला गेलो होतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बरोबर होत्या. नवस त्यांचाच होता. परतीच्या वाटेवर नितेशने गाडी एका द्राक्षाच्या मळ्याकडे वळवली. आईंना सांगितलं, इथे द्राक्षांचा कारखाना आहे, जरा बघून येतो. आई म्हणाल्या, "जावा तुमी. मी हय बसतंय चेडवाक घेऊन." त्या मूळच्या मालवणच्या बाजूच्या. विक्रोळीत चाळीस वर्षं राहूनही बोली बदललेली नाही; मीरा त्यांची 'चेडू', म्हणजे पोर.

आत एक लांब लाकडी टेबल, समोर काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे उतरत जाणारा मळा. एक उत्साही तरुण आम्हाला पेला फिरवायला, हुंगायला शिकवत होता. काय काय वास येतोय, असं त्याने विचारलं. मी बावरले. नितेश म्हणाला, "मला तर नव्या चपलांचा येतोय."

"एकदम बरोबर, सर! लेदर!" तो पोरगा इतका खूश झाला की आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. मग मी पहिला घोट घेतला. जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते ना, तसं काहीतरी. त्याच्या मागून जरा मिरी, आणि मग छातीत एक मोकळी जागा झाल्यासारखं. मीरा झाल्यापासून मी एकही गोष्ट सावकाश गिळली नव्हती. जेवण नाही, चहा नाही. तो घोट मी सावकाश गिळला.

दोन बाटल्या घेतल्या, कपड्यांत गुंडाळून डिकीत टाकल्या. घरी येताना कसाऱ्याच्या घाटात नितेश हळूच म्हणाला, "आपण दोघं असे बोललोच नव्हतो गं किती दिवसांत." मी मागे पाहिलं. आई आणि मीरा एकमेकींवर रेलून झोपल्या होत्या. मी म्हणाले, "आपलं वेगळं घर पाहिजे." तो म्हणाला, "पाहिजेच."

इतकं सगळं त्या एका दुपारवर उभं राहिलं. मार्चमध्ये मुलुंडला डोंगराच्या बाजूचा एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. हो की नाही ते मालकाला रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. आईंना आम्ही सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "तुमचा तुमी ठरवा," एवढंच म्हणाल्या, आणि तांदूळ निवडत राहिल्या. त्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही, आणि मी चेहरे वाचण्यात कच्ची नाही.

म्हणून मला ते वाइनचं कोडं सोडवायचं होतं. ती दुपार आमची दोघांची होती म्हणून चांगली गेली असेल, तर मुलुंड बरोबर. मळ्याची होती म्हणून गेली असेल, तर मुलुंडला काय मळा आहे? आणि नुसती वाइनच चांगली असेल, तर एका म्हाताऱ्या बाईला चार खोल्यांच्या घरात एकटी सोडून आम्ही कशासाठी निघालो होतो?

पहिली बाटली आम्ही घरीच उघडली होती, शनिवारच्या एका दुपारी, आई बाहेरच्या खोलीत मीराला घेऊन लवंडल्या असताना. बेडरूमला कडी. खिडकीतून खाडीकडचा वारा. आईंसमोर नितेशने आयुष्यात कधी बाटली धरली नव्हती. भांडण झालं असतं म्हणून नाही; ते होणं शक्यच नाही असं आम्ही दोघांनी धरूनच ठेवलं होतं. काचेचे पेले स्वयंपाकघरात, फळीवर. तिकडे जायचं तर भांड्यांचा आवाज. म्हणून बाथरूममधले दात घासायचे स्टीलचे पेले घेतले.

"चिअर्स," नितेश कुजबुजला.

"पेले आपटू नकोस."

घोट घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आंबट. वर लोखंडासारखी चव. जांभूळ नाही, मिरी नाही, छातीत मोकळी जागा तर अजिबातच नाही.

"नव्या चपला गेल्या," नितेश म्हणाला, "जुन्या आल्या."

मला हसू आलं, पण मी ते तोंडावर हात ठेवून दाबलं. बाहेर मीरा कुरकुरली. मी पेला खाटेखाली सरकवला. तेवढ्यात आईंचा थोपटण्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं, पण मी तो पेला पुन्हा बाहेर काढला नाही. उरलेली वाइन नितेशने बेसिनमध्ये ओतली आणि वर नळ सोडून ठेवला, पुरावा धुवायला.

"बघ, या घरात नाहीच जमणार," तो म्हणाला. मलाही ते पटलं. पण पुरतं नाही. एकाच वेळी फार गोष्टी बदलल्या होत्या: पेला, जागा, कडी, कुजबूज. लॅबमध्ये असा प्रयोग कुणी मांडला असता तर मॅडमनी कागद परत फेकला असता.

मग मी ठरवलं की दुसरी बाटली नीट प्यायची. शनिवारी, म्हणजे मालकाला उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी, एजंटकडून मुलुंडच्या फ्लॅटची किल्ली मागून घेतली. घाटकोपरला जाऊन लांब देठाचे दोन काचेचे पेले आणले. चीज आणलं, मळ्यावर होतं तसलंच. आई मीराला घेऊन खाली गेल्या होत्या तेवढ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत. मीरा आईंकडे. एवढी तयारी मी परीक्षेचीही केली नव्हती.

फ्लॅट खरंच झकास आहे. बैठकीच्या खोलीतून डोंगर दिसतो, उन्हाने करपलेला असला तरी डोंगर. बाल्कनीत दोन खुर्च्या मावतील. आम्ही वर्तमानपत्र अंथरून जमिनीवर बसलो. नितेशने वाइन ओतली. काचेतून ऊन आलं आणि फरशीवर लाल डाग पडला. सगळं जसं हवं तसं.

घोट घेतला. लोखंड नव्हतं. आंबटही नव्हतं. पण काहीच नव्हतं.

"कशी आहे?" नितेशने विचारलं. रिकाम्या खोलीत त्याचा आवाज घुमला.

"बरी आहे. तुला?"

"बरी आहे."

मग आम्ही डोंगराकडे बघितलं.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"तू बोल."

"मीराचे दात..." त्याने सुरू केलं आणि थांबला. "नको. आज मीराचं नको."

मी फोन उचलला. घरी बाहेरच्या खोलीत, कपाटावर एक छोटा कॅमेरा आहे. मीरा रांगायला लागली तेव्हा मीच बसवला. फोनवर दिसतं. आईंनी तेव्हा विचारलं होतं, "ह्या कशाक?" मी म्हटलं होतं, "मीरासाठी आहे, आई. तुमच्यासाठी नाही." त्यांनी मान डोलावली होती. आता फोनवर त्या दिसल्या. पलंगाच्या कडेवर ताठ बसलेल्या, पदर दोन्ही खांद्यांवर ओढलेला, हात मांडीवर. पासपोर्टच्या फोटोला बसतात तशा. खाली मीरा डबे उलटे करत होती. सगळं ठीक. मी फोन ठेवला. मग पुन्हा उचलला.

"रुचि, ठेव ना तो फोन, यार."

"बघते फक्त."

"इथे राहायला आल्यावरही असंच करणार?"

"इथे आल्यावर मीरा आपल्याकडेच असेल. बघायचं काय त्यात?"

"मग वाइन कधी पिणार?"

तो चेष्टेत म्हणाला होता. पण दोघांनीही पेले खाली ठेवले. अर्धी बाटली उरली. बूच मघाशी काढतानाच तुटलं होतं, म्हणून पिशवीत ती मी हाताने धरून आणली, रिक्षात मांडीवर, दुसरं मूल असल्यासारखी.

आता ती ठेवायची कुठे? फेकून द्यायला माझं मन होईना. अजून एकदा, तिसऱ्या जागी, चाखून बघायची होती. आणि फ्रीजमध्ये लांब मानेची बाटली आईंना दिसली असती. तेव्हा मला आगळाच्या बाटल्या आठवल्या. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस. गावाहून तो कायम दारूच्या रिकाम्या बाटल्यांतून येतो. आमच्याकडे फ्रीजच्या दारात अशा दोन तरी असतात, लेबल खरवडलेल्या, काळसर लाल. त्यातली एक संपलेली, धुऊन ओट्यावर पालथी घातलेली होती. मी वाइन तिच्यात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि खऱ्या आगळाच्या मागे ठेवली. हुबेहूब. माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी दुपारी आम्ही मुलुंडला निघालो. मालक चार वाजता येणार होता. सह्या करायच्या की नाही ते तिथे पोचेपर्यंत ठरवू, असं आमचं चाललं होतं, म्हणजे करायच्याच. भांडुपच्या पुढे रिक्षा सिग्नलला उभी होती तेव्हा मी सवयीने फोन उघडला.

पडद्यावर नुसता निळा रंग. खोली नाही, पलंग नाही, मीरा नाही.

"बंद पडला असेल," नितेश म्हणाला.

"बंद पडला तर काळं दिसतं. हे निळं आहे."

आईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. आई पडल्या असतील. गॅस. बाल्कनीचा गज. मीराने काहीतरी गिळलं असेल आणि आई तिला घेऊन खाली धावल्या असतील. आणि मग लख्ख डोळ्यांपुढे आलं: फ्रीजचं दार, आणि आगळाच्या बाटलीतली वाइन.

"तू पुढे जा," मी म्हणाले. "मी परत चाललेय."

"अगं, मालक..."

"तू भेट त्याला. काहीतरी बोलत बस. मी घरून फोन करते."

विक्रोळीपर्यंत मी रिक्षावाल्याला किती वेळा "भैया, जरा जल्दी" म्हटलं, देव जाणे. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच आवाज ऐकू आला. हसण्याचा. बायकांचं, पोटातून येणारं, मधेच श्वास अडकणारं हसणं. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं. ते आमच्या दारातून येत होतं.

दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं.

आई जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून. पदर पार खांद्यावरून घसरलेला. त्यांच्या बाजूला सोनूबाई, आमच्याच मजल्यावरच्या, त्याही मालवणकडच्या. समोर खालच्या पार्लरवाली रश्मी, माझ्याच वयाची. प्रत्येकीच्या हातात आमचा एक-एक काचेचा पेला, त्यात गुलाबी लाल सरबत, वर जिऱ्याची पूड तरंगतेय. कपाटावर, कॅमेऱ्याच्या डोक्यावर आईंचा निळा टॉवेल.

मी आत आले आणि हसणं थांबलं. नळ बंद करावा तसं. आईंनी पाय आत ओढले, पदर वर घेतला, पेला पलंगाच्या पायामागे सरकवला. तो सरकवण्याचा आवाज मी ओळखला. दोनच आठवड्यांपूर्वी मी तस्साच सरकवला होता.

"मीरा?" मी म्हणाले.

"आत. न्हिजली आसा."

मी आत धावले. मीरा पलंगावर झोपली होती, दोन्ही बाजूंना उशा, तोंड उघडं. कपाळाला हात लावला, मग मानेला, मग तोंडाजवळ वाकून वास घेतला. दूध आणि केळं.

बाहेर आले. "तिला दिलं नाही ना हे?"

आई उठून उभ्या राहिल्या होत्या. "तिका कित्या देऊ? मीठ-साखर चेडवाक देव नको म्हणून तूच बजावलंस मां? उकळलेला पाणी दिलंय. केळा दिलंय."

"आणि फोन का नाही उचलला?"

"खंय आसा तो?" आईंनी इकडे तिकडे पाहिलं. सोनूबाईंनी आपल्या मांडीखालून फोन काढला. "ह्यो बघ. मी बसलंय त्येच्यार."

रश्मीला हसू आवरेना. तिने तोंड वळवलं.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. आता विचारायलाच हवं होतं. "आई, हे सरबत कुठल्या बाटलीतलं केलंत?"

रश्मीने पेला खाली ठेवला. मग आई म्हणाल्या, "चाय ठेवू तुका?"

"ताई, तुमचीच आहे ती," रश्मी म्हणाली. "मला वासानेच कळलं. पण तोवर मावशींचा एक पेला झाला होता."

"आगळ खारट आसता," आई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "ह्या खारट नाय लागला म्हणून मी मीठ घातलंय. मगे साखर. तरी काय तरी वायलाच लागा. सोनू म्हणाली, आगळ आंबला. तर रश्मी म्हणता, मावशी, ही वाइन."

"आणि मग?"

"मग काय," सोनूबाई म्हणाल्या. त्यांना कुणाची भीती नाही. "वतलेला काय मोरीत टाकूचा? पियालांव."

मी आईंकडे पाहिलं. ज्या बाईसमोर बाटली काढणंच शक्य नाही, असं आम्ही धरून चाललो होतो, त्या बाईंच्या गालांवर लाली चढली होती.

"आई, तुम्हाला चालतं?"

"गावाक राखणदाराक बाटली दाखवतत, माहीत आसा मां? सीमेवरच्या देवाक. मगे तीर्थ म्हणून सगळी घेतत. बायलमाणसा पण. तेका कोण दारू म्हणणा नाय." त्यांनी पदर नीट केला. "नितेशाक सांगू नको हां. तेका वाटतला, आई बिघडली."

त्यांचा मुलगा स्टीलच्या पेल्यातून कुजबुजत प्यायला होता आणि नळ सोडून पुरावे धुतले होते. मला एकाच गोष्टीचं कुतूहल होतं, आणि ते आता भीतीपेक्षा मोठं झालं होतं.

"कशी लागली?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पयली वायट," सोनूबाई म्हणाल्या. "मगे बरी."

"मगे खूपच बरी," रश्मी म्हणाली.

"तुम्हाला, आई?"

आईंनी पलंगाच्या पायामागून पेला काढला, त्याच्याकडे बघितलं. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "आता नाय लागत तशी," त्या म्हणाल्या. "मघाशी लागत होती."

मघाशी. म्हणजे मी यायच्या आधी.

खूप सरळ होतं ते उत्तर. त्यांनी मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. मी विचारलं, त्यांनी चाखून सांगितलं. एवढे दिवस मी पेला बदलत होते, घर बदलत होते, थंड करत होते, चीज आणत होते. आणि या तिघींकडे काहीच बदललं नव्हतं. तोच पेला, तीच फरशी, मीठ-साखर-जिरं घालून वाट लावलेली तीच वाइन. बदल एकच: दारातून मी आत आले होते.

मी उठले. कपाटाशी गेले, टॉवेल बाजूला केला आणि कॅमेऱ्याची पिन भिंतीतून काढून टाकली. आई बघत होत्या.

"टॉवेल सोनून घातल्यान," त्या लगेच म्हणाल्या.

"होय, मीच. माका शरम वाटता त्येच्यासमोर मांडी घालून बसूक," सोनूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूक तर त्येच्यासमोर जांभई देवची चोरी. कधी पण येवा, ही आपली पुतळो."

मुलुंडच्या फरशीवर बसून मी फोनमध्ये बघितलेल्या आई मला आठवल्या. मग वणीचा दिवस आठवला. काचेच्या भिंतीपलीकडे, झाडाखाली, छाटणी करणाऱ्या कुणा बाईशी आई गप्पा मारत होत्या. पाय लांब पसरलेले, मीरा पायांवर आडवी, आणि आई मान मागे टाकून हसत होत्या. कुणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी तेव्हा एकदा बघितलं आणि मग बघायचं विसरूनच गेले होते. घोट सावकाश गिळायला मला त्याच दिवशी जमलं, ते कशामुळे, हे आता पहिल्यांदा माझ्या लक्षात येत होतं. नितेश होता, मळा होता, वाइनही असेल चांगली. पण मीराला कुणीतरी सांभाळतंय यावर माझा विश्वास बसला होता, पहारा न ठेवता.

"मला पण द्या थोडी," मी म्हणाले आणि खाली बसले.

आईंनी नको-हो काही केलं नाही. स्वतःचाच पेला पुढे केला. मी प्यायले. जिरं, मीठ, साखर, आणि खाली कुठेतरी तळाशी ते जांभूळ. कशी आहे ते मला सांगता येणार नाही, कारण तिघी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, आणि तीन जणी बघत असताना चव कळत नाही, हे मला कळलं.

"बघू नका ना अशा," मी म्हणाले.

रश्मी फस्सकन हसली.

"कशावरून हसत होता मघाशी? जिन्यात ऐकू येत होतं."

आईंनी सोनूबाईंना डोळ्यांनी दटावलं.

"सांगा ना."

"सोनू तुझी नक्कल करी होती," आई शेवटी म्हणाल्या. "चेडवाक ताप आसा की नाय ता बघतंस, तशी."

"बघू."

"नको गो..."

"दाखवा ना, सोनूबाई."

सोनूबाई सरसावून बसल्या. पुढ्यातली उशी मीरा झाली. त्यांनी तिच्या कपाळाला तळहात लावला, मग हाताची उलटी बाजू, मग गाल टेकवला, मग डोळे बारीक करून काल्पनिक थर्मामीटर उजेडात धरला, झटकला, पुन्हा लावला, आणि शेवटी अगदी माझ्या आवाजात म्हणाल्या, "आई, हिला ताप नाहीये. असं कसं?"

मघाशी आत जाऊन मी नेमकं तेच केलं होतं. आधी कानशिलं तापली. मग मला ते दिसलं, बाहेरून, आणि हसू जे फुटलं ते आवरेना. आईंनी घाबरत माझ्याकडे पाहिलं, मी हसतेय म्हटल्यावर त्याही हसायला लागल्या. पदर घसरला. या वेळी त्यांनी तो वर घेतला नाही. पेला आमच्या दोघींत फिरत राहिला. कधीतरी माझ्या लक्षात आलं की तो संपलाय आणि शेवटचे दोन-तीन घोट मी चव न बघताच घेतलेत.

फोन वाजला. नितेश.

"काय गं? मीरा ठीक?"

"झोपलीय."

"मालक आलाय. समोर बसलाय. काय करू? सही करू का?" आवाज खाली आणून तो म्हणाला, "नको असेल तर आत्ता सांग. मी काहीतरी कारण काढतो."

मी फोनवर हात ठेवला. "आई," मी म्हणाले, "नितेश विचारतोय, सही करू का. आम्ही जाऊ?"

सोनूबाई आणि रश्मी एकदम पेल्यांमध्ये बघायला लागल्या. आई माझ्याकडे बघत राहिल्या. तांदूळ निवडतानाचा चेहरा नव्हता तो.

"खरा सांगू?"

"खरं सांगा."

"जावा," त्या म्हणाल्या. "मी रडतलंय दोन दिस. चेडू नाय म्हणून घर खावक येतला. पण जावा. चाळीस वर्सां ह्या घरात कोणाचा तरी जेवान, कोणाचा तरी पाणी. आदी सासू बघी, मगे तुझो सासरो, आता..." त्यांनी कपाटाकडे पाहिलं नाही, पण थांबल्या. "तू वायट नाय हां. पण माका जरा पाय लांब करून बसूचा आसा."

माझे डोळे भरून आले. वाईट वाटलं आणि हलकंही, दोन्ही एकाच वेळी. मी त्यांना एकटं सोडतेय, या ओझ्याखाली मी इतके दिवस वाकले होते. त्यांनाही कुणी तरी जरा एकटं सोडायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आणि मीरा?" मी विचारलं. "तिला आणून सोडलं तर?"

"हाड की. शुक्रवारी हाड, आयतवारी ने. पण मगे फोन करून कशी आसा, काय खाल्ल्यान, ताप आसा काय, ह्या इचारूचा नाय. जमतला?"

मला लगेच हो म्हणता आलं नाही. त्या वाट बघत होत्या, आणि खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं.

"एकदा करीन," मी म्हणाले. "दिवसातून एकदा."

"संध्याकाळी," आई म्हणाल्या. "सातच्या मगे. आदी उचलूचंय नाय."

"बरं."

फोनमधून नितेशचा आवाज येत होता, "हॅलो? रुचि? अगं, माणूस समोर बसलाय!" मी हात काढला आणि काही बोलायच्या आत आईंनी फोन माझ्याकडून ओढून घेतला.

"नितेशा," त्या फोनमध्ये ओरडल्या, मुलुंडपर्यंत फोनशिवायही ऐकू गेलं असतं, "येताना कांद्याची भजी हाड. गरम. चौघींका पुरतली इतकी!" आणि फोन परत माझ्या हातात ठेवला.

"चौघी कोण?" तिकडून नितेश म्हणाला. "रुचि, आई बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. "तू सही कर."